साहेबाचा पेच

मुरलीपुरा, जयपूर
२१ नोव्हेंबर २०२४

ती. अक्का,
वाकून नमस्कार.

सोबत ज्याचा फोटो पाठवतोय तो पेच मला साडेचार हजाराला पडला, असं विनया सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे. साडेचार हजार ही नुसती दुकानदाराची किंमत. खरं काय पडलं ते ऐक. चौडा रस्त्याच्या आतल्या गल्लीत भर दुपारी खेटे घातले, मतलब तेवढ्या दुपारच्या झोपा गेल्या. दुकानदाराच्या पोरीच्या लग्नाला जावं लागलं, आहेरासकट. घरी विनयाचा अबोला, तो अजून चालू आहे. आणि ‘दो सौ साल पुराना है भैया, किसी अंग्रेज साहब का’ हे ऐकताना मनातून नाचत असूनही चेहरा मख्ख ठेवायचे कष्ट, ते वेगळेच.

पेच म्हणजे तोच आपला, बाटलीचं बूच ओढून काढायचा. वर मूठ, खाली डुकराच्या शेपटीसारखी वळलेली तार. चाळीस वर्षं हेच करून परदेशी पाठवतोय. पण करता करता जुने, नवे, विलायती, जिथं दिसेल तिथून गोळाही करत गेलो. हाडाच्या मुठीचे आहेत, घडीचे आहेत, एक तर करंगळीएवढा आहे. आता कारखान्याच्या शेजारच्या दोन खोल्यांत ते सगळे मांडून संग्रहालय करतोय. कारखाना जोरात आहे, त्याची काळजी करू नकोस. हे आपलं हौसेचं.

परवा भिंतीपलीकडे शर्माजी बायकोला विचारत होते, ‘उमाकांतजी ने ठेका खोला है क्या?’ ठेका म्हणजे इथं दारूचं दुकान. माझे कान तुला माहीत आहेत. मशीनवर कोण बसलंय ते मी बाहेरून आवाजावर सांगतो, तिथं शर्माजींची काय कथा.

तर वसंत पंचमीला उद्घाटन. तू फोनवर हो म्हणालीस तेव्हाच मितालीला ‘पप्पांचं एवढं काम कर’ म्हणून पत्रिका छापून घेतल्या. एक सोबत आहे. तुझं नाव मोठ्या अक्षरात आहे बघ.

तुझा
उमाकांत


बार्शी
२ डिसेंबर २०२४

चि. उमाकांत,
आशीर्वाद.

‘श्रीमती मधुमती यांच्या शुभहस्ते’ हे वाचून मला घेरी यायची तेवढी राहिली. मी कधी हो म्हटलं? काहीतरीच. मी येणार नाही.

एक तर गुडघा. देवळाच्या पायऱ्या चढताना मी खांबाला धरते, जयपूरला काय धरू? दुसरं, तुमच्याकडची थंडी. तिसरं आणि खरं, दारूच्या बाटलीचं आवजार आहे ते. तू पोटासाठी केलंस, त्याला मी कधी नाव ठेवलं नाही. पण आता त्याची गौरीपुढच्यासारखी आरास मांडायची, आणि त्यापुढं मला उभी करायची? मी ज्यांना शिकवलं ती पोरं आता आजोबा झाली आहेत. त्यांनी पेपरात वाचलं तर काय म्हणतील?

पत्रिकेवर विनयाचं नाव घाल. चाळीस वर्षं तुझं ऐकून घेतेय, तिचा मान मोठा.

इकडं सगळं ठीक. समोरची पिठाची गिरणी बंद पडलीय बहुतेक, त्यामुळे अगदी शांत असतं. फोन करू नकोस, पत्रच लिही. पत्र दुसऱ्यांदा वाचता येतं. आणि ते ‘मतलब’ आवर. शाळेत असतास तर अंगठे धरायला लावले असते.

विनयाला, मितालीला आशीर्वाद.

तुझी
अक्का


मुरलीपुरा
१२ डिसेंबर २०२४

ती. अक्का,
नमस्कार.

तुझी तिन्ही कारणं मिळाली. मी व्यापारी माणूस, गिऱ्हाईक एकदम तीन खोटी काढतं तेव्हा त्याला माल नको असतो असं नाही, काहीतरी वेगळंच असतं. तरी उत्तर देतो.

गुडघ्याला खालचा बर्थ. थंडीला हीटर, आणि विनयाचे दोन स्वेटर. (बोलते आता ती. ‘अक्का येणार नाहीत’ म्हटल्यावर पहिलं वाक्य बोलली, ‘मग तुमचं तोंड कोण बंद करणार?’) राहिली दारू. तो करंगळीएवढा पेच आहे ना, तो अत्तराच्या कुपीचा. त्याच्याशेजारचा औषधाच्या बाटलीचा. आमचे दाजी सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते, मिक्श्चरच्या बाटल्यांना तेव्हा बुचं असायची, की नव्हती? तसला पेच घरी होता, मला आठवतो. मग दाजींचं ते आवजार आणि माझं तेवढं दारूचं?

आणि अक्का, तू फोनवर हो म्हणाली होतीस. एकदा नाही, दर वेळी. मी विचारलं, तू म्हणालीस ‘हो, हो, बरं’. मग आता राग कशाचा आलाय? माझं काही चुकलं असेल तर सांगून टाक.

आता एक बातमी, पण हसायचं नाही. साहेबाचा पेच काल धुवायला घेतला. आमच्या कारखान्यात डझन मोजायची एक पद्धत. शेषराव आठवतो ना, मी बार्शीहून आणलेला? तो दर बाराव्या नगाच्या मुठीला आतून कानशीचा एक ओरखडा मारायचा. मोजताना नुसते ओरखडे मोजायचे, की झाले डझन. साहेबाच्या मुठीत आत तो ओरखडा आहे. शेषरावचाच. खालून वर मारलेला, तो डावखुरा होता.

माझाच माल, अक्का. कुणीतरी चिंचेच्या पाण्यात बुडवून, मीठ चोळून मातीत पुरला, आणि झाला दोनशे वर्षांचा. मी तो आहेर करून परत घरी आणला. दुकानदाराकडे गेलो तर म्हणतो, ‘तो क्या हुआ उमाकांतजी, आप भी तो पुराने हो।’ चहा पिऊन आलो.

तार गुंडाळायचं ते जुनं मशीन उन्हाळ्यात काढून टाकलं नसतं, तर त्याच्यावर एक ताजा नग काढून शेजारी मांडला असता. लोकांना गंमत वाटली असती.

येतेस ना?

उमाकांत


बार्शी
२२ डिसेंबर २०२४

चि. उमाकांत,
आशीर्वाद.

हसायचं नाही म्हणालास म्हणून आधी दार लावून घेतलं आणि मग हसले. तू लहानपणी स्वतः लपवलेला गूळ स्वतःच शोधून काढायचास आणि ‘सापडला’ म्हणून ओरडायचास. तेच झालं.

तुझ्या दाजींचा पेच होता, खरं आहे. तो मी नंतर लोणच्याच्या बरणीचं झाकण उचकटायला वापरला, मोडला, फेकून दिला. तेव्हा त्याची आठवण काढून मला विरघळवू नकोस.

आता मी विचारते ते नीट वाच. तुझ्या पत्रात शेवटून तिसरं वाक्य आहे. तारेचं मशीन उन्हाळ्यात काढून टाकलं. ते मशीन घेतलंस तेव्हा तू मला चार पानांचं पत्र लिहिलं होतंस, त्याला हळदकुंकू वाहिलं, विनयानं पेढा ठेवला, सगळं. कारखाना जोरात असणारा माणूस ते मशीन विकतो? सुगरणीनं तवाच मोडीत घातला, तर त्या घरात चूल पेटते का?

उमा, कारखाना बंद झालाय का?

तोंडावर खोटं बोलताना तू डोळे मिचकवायचास. कागदावर दिसत नाही म्हणून फसवू नकोस.

अक्का


मुरलीपुरा
१ जानेवारी २०२५

ती. अक्का,
नमस्कार.

हो.

मे महिन्यातच बंद केला. शेजारच्या दोन खोल्या वगैरे काही नाही, सबंध शेडच मोकळी झालीय. परदेशी बाटल्यांना आता पत्र्याची फिरकी झाकणं येतात. हातानं फिरवलं की उघडली. आधी ऑर्डरी अर्ध्या झाल्या, मग नमुने मागवायचे थांबले, मग ‘हॅपी दिवाली’ तेवढी यायची. कारागिरांना सगळ्यांना दुसरीकडे लावून दिलं, त्यात कुणाचं वाईट होऊ दिलं नाही. शेषराव तर त्याआधीच गावी गेला होता.

तुला सांगितलं नाही, कारण गाव सोडताना एसटीच्या खिडकीतून मोठ्यानं ओरडलो होतो की आता काहीतरी होऊनच तोंड दाखवीन. तू म्हणाली होतीस, ‘आधी स्वेटर घाल.’

सकाळी नऊला शटर वर करायची सवय आहे. बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात मी रोज नऊला जाऊन शटर वर करायचो आणि आत खुर्ची टाकून बसायचो. विनया डबा घेऊन यायची. मग म्हटलं, शटर उघडायचंच आहे तर आत काहीतरी असू दे. म्हणून हे संग्रहालय. हौस नाही अक्का, मला दुसरं काही येत नाही.

आणि तूच का, तर आई गेल्यावर मी जे काही केलं, पतंग, भोवरा, पहिला मोडका स्टोव्ह दुरुस्त केला तो, ते आधी तुला दाखवलं. तू ‘बरं झालंय’ म्हटल्याशिवाय मला ते झाल्यासारखं वाटायचं नाही. हा कारखाना तू कधी पाहिलाच नाहीस. आधी दाजींचं दुखणं, मग तुझी नोकरी, मग गुडघा. उघडा होता तेव्हा राहिलं. निदान बंद झालेला तरी येऊन बघ.

आता माझा एक प्रश्न. तुझा अभिजित पुण्याहून नाताळच्या सुट्टीत आला होता ना, त्यानं मला तुझ्या ओट्यावरून फोन केला. तो बोलत होता आणि मागे गिरणी चालू होती. खडखड खडखड, पट्टा जरा सैल आहे तिचा. मी त्याला विचारलं, ‘ही कधी सुरू झाली?’ तो म्हणाला, ‘बंद कधी होती मामा?’

मला इथं जयपूरला ऐकू आली, अक्का. तुझ्या दारासमोर आहे.

उमाकांत


बार्शी
१० जानेवारी २०२५

चि. उमाकांत,
अनेक आशीर्वाद.

पकडलंस. कानाचा पक्का आहेस, मान्य.

तीन वर्षं झाली. आधी टाचणी पडलेली ऐकू येईना, मग भांडं, आता गिरणी. फोनवर तुझा आवाज येतो एवढं कळतं, गोधडीखालून कुणी बोलावं तसा. तू कुठं थांबलास की मी ‘हो, हो, बरं’ म्हणते. तू खूश होतोस. पुढं बोलतोस. अभिजितला कळू नये म्हणून तो आला की मीच सारखी बोलत सुटते, म्हणजे त्याला बोलायला जागा उरत नाही. तो सुनेला म्हणाला असेल, आई फार बोलायला लागली.

पाठीमागून कोण कुजबुजतंय ते फळ्याकडे तोंड करून ओळखणारी मी. पोरं मला चार कानांची बाई म्हणायची. त्या बाईनं आता लोकांना ‘काय?’ ‘काय?’ म्हणत फिरायचं? त्यापेक्षा घरी बसलेलं बरं.

आणि तुझा समारंभ म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. कुणी हिंदीत बोलणार, कुणी माझ्या कानाशी वाकून सांगणार, मग ‘अक्का, दोन शब्द बोला’. मी भलत्या ठिकाणी हसेन. कुणी शोकाची गोष्ट सांगत असेल आणि मी ‘हो, हो, बरं’ म्हणेन. तुझी शोभा होईल. म्हणून गुडघा, म्हणून थंडी. दारूचं निम्मं खरं आहे.

तू शटर झाकलंस, मी कान झाकले. आपल्या आईची लेकरं शोभतो.

वाईट वाटून घेऊ नकोस. मनात मी तिथं असेनच.

अक्का


मुरलीपुरा
१७ जानेवारी २०२५

ती. अक्का,

मनातबिनात चालणार नाही. पुढचं पटपट वाच, हे पत्र कुरिअरनं पाठवतोय.

भाषणं रद्द केली. सगळी. मराठी मंडळाचे अध्यक्ष सदाशिवराव बॅंकेतून निवृत्त झाल्यापासून भाषणाच्या शोधात होते. त्यांचं लिहून तयार होतं, ते रुसले. नगरसेवकाचा माणूस म्हणाला, ‘फिर प्रोग्राम में होगा क्या?’ मी म्हटलं, ‘बूच निघेल. बघा, आणि घरी जा.’ सूत्रसंचालन नाही, माइक नाही. सगळ्यांना निरोप गेलाय की त्या दिवशी आत कुणी बोलायचं नाही, नुसतं बघायचं. शर्माजी म्हणाले, फार ऊंची कल्पना आहे, परदेशात असंच असतं. मी म्हटलं, हां जी.

मी स्वतः तासभर गप्प बसणार आहे, हे विनयाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मी तेच बघायला येईन.

रिबीन नाही, नारळ नाही. बाटलीचं बूच तू पेचानं काढायचं, झालं उद्घाटन. बाटलीत विनयानं केलेलं वाळ्याचं सरबत. बाटली जुनी औषधाची, बूच मी स्वतः ठोकून बसवलंय. दारूचा थेंब नाही, तुझे विद्यार्थी निश्चिंत राहोत.

अभिजितशी बोललो. त्याला सगळं सांगितलं, रागाव हवं तर. तो तुला न्यायला येईल आणि पुण्याहून गाडीत बसवून देईल. इथं स्टेशनवर मिताली आणि मी. मितालीचं मराठी तुला ऐकू येणार नाही, यात तुझा फायदाच आहे.

‘हो, हो, बरं’ म्हणू नकोस. ये.

उमाकांत


मुरलीपुरा
१२ मार्च २०२५

ती. अक्का,
नमस्कार.

बार्शीला पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. तू गेल्यावर घरात एकदम जागा झालीय, आणि ती कुणाला नको आहे. विनया दुपारी अजून तीन कप चहा टाकते. मिताली सारखी विचारते, ‘पप्पा, आत्या वापस कधी येणार?’ मी म्हटलं, ‘परत कधी येणार असं म्हण, मग येईल.’

संग्रहालय चालू आहे. नऊला शटर वर. गर्दी नाही, पण कुणी ना कुणी येतं. परवा बस्सीहून एक शाळा आली होती. पोरं बाकी काही न बघता साहेबाच्या पेचापाशीच गोळा झाली, तू तुझ्या अक्षरात लिहिलेली पाटी वाचत: ‘हा मी केला. मग फसून परत विकत घेतला.’ मास्तरांनी हिंदीत अर्थ सांगितला तेव्हा सगळी माझ्याकडे बघून हसली. मग एकेकाला मुठीच्या आतला ओरखडा बोट लावून बघायचा होता. दिला बघू. तो दुकानदारही येऊन गेला. पाटी वाचून म्हणाला, ‘अब इसका पाँच हजार मिल जाएगा।’

विद्याधर नगरच्या डॉक्टरांनी दिलेलं कानाचं यंत्र लावतेस का? खरं सांग.

मराठी मंडळाचा अंक सोबत पाठवतोय. सदाशिवरावांचा रुसवा काढायला हवा होता, म्हणून वृत्तांत मीच लिहून दिला आणि त्यांचा फोटो घातला. पान सहा बघ. ‘चौऱ्याहत्तर वर्षांच्या मधुमतीबाईंनी पेच बुचात फिरवला आणि एका ओढीत बूच बाहेर काढले. त्या शांततेत झालेला टप्प असा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला आणि उपस्थितांच्या अंगावर काटा आला.’ इथं वाचून फोन येताहेत लोकांचे. अंकाच्या दोन प्रती जास्त घातल्यात, तुझ्या शाळेत एक दे.

तुझा
उमाकांत


बार्शी
२४ मार्च २०२५

चि. उमाकांत,
अनेक आशीर्वाद.

यंत्र लावते. देवळात जाताना आणि अभिजितचा फोन आला की. घरी असले की काढून डबीत ठेवते, कारण गिरणीचा पट्टा खरंच सैल आहे आणि गिरणीवाला ऐकत नाही. त्याला यंत्र लागेल असं वाटतं.

मितालीला सांग, पाडव्यानंतर कैऱ्या आल्या की तिनंच इकडं यावं. मी तिला मराठी शिकवीन, ती मला तो फोनवर चित्र बघत बोलायचा प्रकार शिकवील. म्हणजे ओठ दिसतात, बरं पडतं.

मी तिथं फारशी बोलले नाही, तूच कुणाला बोलू दिलं नव्हतंस. म्हणून आता लिहिते. तुझी ती शेड मी पाहिली. मशीनं जिथं होती तिथं फरशीवर तेलाचे चौकोन उमटलेत, ते तू पुसून घेतले नाहीस, आणि त्यांच्यावरच कपाटं मांडलीस. सगळ्या भिंती फिरून मी त्या चौकोनांपाशी उभी राहिले तेव्हा तू माझ्याकडे बघत होतास. कशासाठी, ते मला कळलं होतं. लोक होते, म्हणून तेव्हा राहिलं. बरं झालंय, उमा. फार बरं झालंय.

आता तुझा तो अंक. शाळेत दिलेला नाही, देणारही नाही. मी आयुष्यभर पोरांच्या वह्यांतल्या चुका काढल्या, भावाची छापलेली चूक वाचनालयात ठेवणार नाही. टप्प आवाज मला ऐकू आला नाही हे खरं, पण तो झालाच नव्हता. माझे कान गेलेत, डोळे शाबूत आहेत.

बूच आत पडलं. सरबत आपण सगळ्यांनी चहाच्या गाळणीनं गाळून प्यालं.

तुझी
अक्का